जंत पचत का नाही

मेंढीच्या चौथ्या पोटात आम्ल असतं आणि पेप्सिन असतं. पहिल्या तीन कप्प्यांत आंबलेलं गवत, त्याला आंबवणाऱ्या सूक्ष्मजंतूंसकट, इथे पोहोचलं की त्यातल्या प्रथिनांचे तुकडे पडायला लागतात. नेमक्या याच जागी दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, बारीक दोऱ्याएवढा एक जंत महिनोन्‌महिने नांदतो. त्याचं अंगही बहुतांशी प्रथिनांचंच. मग तो पचत का नाही?

प्रश्न शाळकरी वाटतो, पण परजीवींचा बराचसा अभ्यास त्याच्यात मावतो. जंताची कातडी घट्ट विणलेल्या कोलॅजनची असते आणि पाचक रसांना ती सहज दाद देत नाही. शिवाय यजमानाच्या विकरांना अडवणारे पदार्थ तो स्वतः तयार करतो. माणसाच्या आतड्यात राहणारा मोठा गोल जंत, एस्केरिस, आपल्या ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिनं बनवतो, हे फार पूर्वीच माहीत झालं आहे. तर परजीवीची पहिली गरज ही, की आपण पचता कामा नये. दुसरी गरज याच्या उलटी: यजमानाला पचवता आलं पाहिजे. कातडी भेदायची, आतड्याच्या अस्तरात शिरायचं, रक्त प्यायचं, प्यालेलं रक्त फोडून अंगी लावायचं, यातलं एकही काम विकरांशिवाय होत नाही.

विकर म्हणजे एन्झाइम. पेशीत तयार होणारं, एखादं ठरावीक रासायनिक काम अफाट वेगाने उरकणारं आणि काम संपल्यावर स्वतः शिल्लक राहणारं प्रथिन. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो लाळेतल्या विकरामुळे. परजीवीकडेही असेच विकर असतात, काही आपल्यासारखे, काही त्याचे खास. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की परजीवीचा जोर जिथे असतो तिथेच त्याची अडचणही असते. ज्या विकरावाचून त्याचा एक दिवस निघत नाही तो नेमका कोणता, हे कळलं की औषध, लस, निदान आणि पैदास या चारही अंगांनी काम करता येतं. ते न कळता नुसतं औषध पाजत राहिलं, तर औषधाला दाद न देणारे जंत आपणच निवडून वाढवतो.

हे सांगायला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे का निवडले, तेही सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटरलाही वर्ष बरं गेलं म्हणतात. एका जिल्ह्यात भाताची खाचरं, कृष्णा-कोयनेच्या काठचा ऊस आणि खटाव-माणचा उघडा माळ हे तिन्ही आहेत. सांगलीतही शिराळ्याचा पाऊस वेगळा आणि जतचा वेगळा. परजीवीचं अर्धं आयुष्य यजमानाच्या बाहेर, ओलाव्याच्या आधाराने जातं. त्यामुळे इथे तालुका बदलला की जंत बदलतो. पश्चिमेला आणि कालव्यांच्या कडेला गोगलगाईंच्या आधाराने वाढणारे चपटे कृमी, संकरित गाईंच्या गोठ्यांत गोचीड ताप, माळावर मेंढ्यांचे रक्तपिपासू गोल जंत आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी. आता ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पूर्वेच्या माळापर्यंत पोहोचवलं आहे. त्याबरोबर पाण्याच्या आश्रयाने जगणाऱ्या जिवांनाही वाट मिळते, याचं भान पशुपालकाला असायला हवं.

पुस्तकाचा मोठा भाग मेंढीच्या ज्या जंताला दिला आहे त्याचं शास्त्रीय नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. मादी हातात घेऊन पाहिली तर तिच्या अंगावर लाल-पांढरे पीळ दिसतात. लाल असतं ते रक्ताने भरलेलं आतडं, पांढरा असतो तो त्याला वेढे घातलेला अंडाशय. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात अंड्यातून निघालेली अळी दोनदा कात टाकण्याच्या टप्प्यावर येते. पण दुसऱ्या वेळची कात ती टाकत नाही, अंगाभोवती तशीच ठेवते. या खोळीमुळे ऊन-वाऱ्यात तिचा काही काळ निभाव लागतो. मात्र तोंडही खोळीत बंद असल्याने तिला खाता येत नाही, साठवलेल्या चरबीवर दिवस काढावे लागतात. पावसाने किंवा दवाने भिजलेल्या गवताच्या पात्यावर पाण्याच्या पातळ थराच्या आधाराने ती चढते आणि मेंढी तोंड लावेल याची वाट पाहते.

मेंढीने गवत खाल्लं आणि अळी पहिल्या पोटात पोहोचली की तिथली ऊब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे तिला इशारा मिळतो. ती खोळीच्या आत एक द्रव सोडते. त्या द्रवात प्रथिनं कापणारा विकर असतो आणि तो सगळी खोळ विरघळवत बसत नाही. डोक्याच्या टोकापासून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या अंतरावर खोळीला एक कडं असतं, तेवढंच तो कापतो. डबीचं झाकण उडावं तसं टोक सुटतं आणि अळी वळवळत बाहेर येते. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडं आधी फुगताना आणि मग तुटताना स्पष्ट दिसतं. जस्ताचा अणू मध्यभागी धरून काम करणारा हा विकर 1980 च्या दशकाच्या अखेरीस वेगळा काढण्यात आला. हा द्रव सुटला नाही तर अळी खोळीतच अडकते आणि मेंढीला काहीही न होता लेंडीतून बाहेर पडते. मेंढी आजारी पडणार की नाही, हे या एका कापाकापीवर ठरतं.

यानंतर अळी चौथ्या पोटात जाते, अस्तरात शिरते, वाढते आणि तीन आठवड्यांच्या आत-बाहेर पूर्ण वाढलेला जंत रक्त पिऊ लागतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा किरकोळ दिसतो. पण दोन हजार जंत असले, आणि वाईट पावसाळ्यात एवढे असणं अजिबात नवलाचं नाही, तर दिवसाला 100 मिलिलिटर रक्त गेलं. पंचवीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं पावणेदोन लिटरच्या घरात. लोह आणि प्रथिनं रोज अशी वाहून चालली की डोळ्यांचं अस्तर पांढरं पडतं, रक्तातलं पाणी झिरपून जबड्याखाली मऊ सूज येते आणि एरवी कळपाच्या पुढे असणारी मेंढी मागे रेंगाळायला लागते. हगवण बहुधा नसतेच. त्यामुळे जंत म्हणजे हगवण असं गणित डोक्यात असलेल्या माणसाला हा जंत चकवतो.

प्यालेलं रक्त हा जंत कसा पचवतो, हे समजून घेताना हा विषय प्रयोगशाळेतून थेट मेंढपाळाच्या कामाचा झाला. हिमोग्लोबिन हे मोठं प्रथिन. जंताच्या आतड्यात वेगवेगळ्या जातींचे विकर ते क्रमाक्रमाने फोडतात: आधी मोठे तुकडे, मग लहान, आणि शेवटी टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवणारा विकर. हा शेवटचा विकर आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर दाटीने बसलेला असतो. संशोधकांनी त्याला एच-11 हे नाव दिलं. मेंढीच्या प्रतिकारयंत्रणेला तो एरवी कधी दिसत नाही, कारण तो जंताच्या पोटात असतो आणि मेंढीच्या रक्तात उतरत नाही. पण जंतांच्या आतड्यातून तो काढून मेंढीला टोचला तर मेंढी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. पुढच्या वेळी जंत रक्त पितो तेव्हा रक्ताबरोबर ती प्रतिपिंडंही पितो. ती त्याच्या आतड्याच्या भिंतीला चिकटतात, पचन बंद पडतं, अंडी घालणं घटतं आणि जंत उपाशी मरतो.

स्कॉटलंडमधल्या मोरडन संस्थेने या तत्त्वावर तयार केलेली बार्बरवॅक्स ही लस 2014 साली ऑस्ट्रेलियात विक्रीला आली. तिच्या एका मात्रेत आतड्यातल्या प्रथिनांचे पाच मायक्रोग्रॅम असतात. गंमत अशी की ती आजही खऱ्या जंतांपासूनच करावी लागते. जंत मेंढ्यांमध्ये वाढवायचे, कत्तलीनंतर पोटातून गोळा करायचे आणि त्यांच्या आतड्यातली प्रथिनं शुद्ध करायची. जिवाणूंमध्ये बनवलेली हीच प्रथिनं टोचून पाहिली तर मेंढीला संरक्षण मिळालं नाही. अमिनो आम्लांची साखळी तीच असली तरी तिची घडी आणि तिच्यावरच्या साखरेच्या रेणूंची मांडणी वेगळी पडली. विकराचं काम त्याच्या आकारावर चालतं हे आपण वाचतो; इथे त्याची ओळखही आकारावरच ठरते असं दिसतं. शिवाय या लसीचा परिणाम फार टिकत नाही. सुरुवातीच्या मात्रांनंतर हंगामभर दर सहा आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं. कुंपणात चरणाऱ्या कळपाला ते जमतं. दिवाळीनंतर वाडा हलवून गावोगाव शेतात मेंढरं बसवत जाणाऱ्या धनगराला ते कसं जमायचं, हा विचार आपल्याकडे करावा लागेल.

म्हणूनच फलटणला झालेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, बंगालच्या सुंदरबनातून गारोल जातीच्या मेंढ्या आणल्या. आणल्या त्या जुळ्यांसाठी. गारोल मेंढीत एका वेतात एकापेक्षा जास्त कोकरं देणारा फेकबी हा जनुक आहे आणि तो दख्खनी मेंढीत उतरवून नारी सुवर्णा हा प्रकार तयार करण्यात आला. गारोल ही चणीने लहान मेंढी, पण दमट आणि चिखलाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली. जंतांनी तिला सोडलं असतं असा तो मुलूखच नाही. तेव्हा तिच्यात जंतांविरुद्ध काही उपजत ताकद असावी, अशी शंका घ्यायला जागा होती. नारीच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर दख्खनी, बन्नूर आणि त्यांच्या गारोल संकरांची कोकरं तपासली आणि 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: गारोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी आढळली. त्याची किंमतही होती, संकरित कोकरांची वाढ कमी. पैदाशीत दोन्ही गोष्टी तराजूत घालाव्या लागतात. पण एक गोष्ट ठरली की जंताला तोंड देण्याची ताकद रक्तातून उतरते आणि लेंडीतली अंडी मोजून ती निवडता येते. अंडी मोजायला सूक्ष्मदर्शक, मिठाचं संपृक्त पाणी आणि आखलेली काचपट्टी पुरते.

औषधांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि इथे विकर दोन्ही बाजूंनी लढतात. आपल्याकडे सर्वांत जास्त पाजलं जाणारं औषध अल्बेंडेझोल. ते विकराला धरत नाही. जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीचा आतला सांगाडा उभा राहू देत नाही. त्या प्रथिनात 200 व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध चिकटत नाही. असे जंत उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि औषध निकामी होतं. दुसरी वाट विकरांची. औषधाच्या रेणूला ग्लुकोज जोडून तो निष्प्रभ करण्याची सोय या जंताकडे आहे. तिसरा खेळ यजमानाच्या यकृतात. यकृतातले विकर अल्बेंडेझोलचं आधी एका प्रभावी रूपात आणि मग एका निष्क्रिय रूपात रूपांतर करतात. शेळीचं यकृत हे काम मेंढीपेक्षा झपाट्याने उरकतं, त्यामुळे तेच औषध शेळीच्या अंगात कमी वेळ टिकतं. मेंढीच्या मापाने शेळीला औषध पाजलं तर ते अपुरं पडतं, आणि अपुऱ्या मात्रेत वाचतात ते नेमके चिवट जंत. माण-आटपाडीच्या कळपांत मेंढ्यांबरोबर शेळ्या असतातच आणि औषधाची बाटली दोघींना एकच असते. शेळीची मात्रा पशुवैद्याला वेगळी विचारायची, एवढी एक सवय लागली तरी बरंच साधेल. मात्र हे सगळ्या औषधांना लागू नाही. लिव्हामिसोलसारख्या औषधाची मात्रा मनाने वाढवली तर शेळी दगावू शकते.

दुसरी सवय म्हणजे सरसकट सगळ्या कळपाला न पाजणं. बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच मेंढ्यांत एकवटलेले असतात. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फाफा मलान यांच्या नावावरून ओळखला जाणारा फमाचा तक्ता यासाठीच आहे. मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढायची, आतल्या अस्तराचा रंग तक्त्यावरच्या पाच छटांशी ताडायचा. लालबुंद असेल तर सोडून द्यायची, फिकट-पांढरी असेल तर औषध पाजायचं. ज्या मेंढ्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले जंत औषधाला अजून बळी पडणारे राहतात, त्यांची अंडी माळावर पडतात आणि चिवट जंतांची संख्या त्यांच्यात पातळ होत जाते. काही जंत मुद्दाम जिवंत ठेवायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण औषध उद्याही चालावं अशी इच्छा असेल तर आज ते राखून वापरायला हवं.

पुस्तकाचा दुसरा मोठा भाग गोचीड तापाचा आहे. थायलेरिया अॅन्युलाटा हा एकपेशीय परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडीतून गाईच्या अंगात जातो. या गोचिडी गोठ्याच्या भिंतींच्या फटींत दडतात, म्हणून गाय धुऊन भागत नाही, गोठाही लिंपावा लागतो. खिल्लारसारख्या देशी वंशांची जनावरं हा आजार सहसा सौम्यपणे काढतात. होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित गाईंना मात्र 104-106 अंश ताप, खांद्यापुढची गाठ सुजणं, दूध एकदम आटणं, रक्त कमी होणं, असं सगळं भोगावं लागतं. दूधधंद्याने या दोन जिल्ह्यांत संकरित गाय घरोघरी नेली, त्यामुळे हा आजारही घरोघरी माहीत झाला.

हा परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला मरू देत नाही. पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी वाढत सुटते. ती दुभंगली की परजीवीही दुभंगतो, दोघे मिळून पसरतात. 2015 साली फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं की परजीवी पिन-1 नावाचा विकर यजमानाच्या पेशीत सोडतो. हा विकर पेशीतल्या प्रथिनांच्या साखळीला विशिष्ट जागी वळण देतो आणि वाढीला लगाम घालणारी व्यवस्था मोडून पडते. गोचीड तापावर आपले पशुवैद्य टोचतात ते ब्युपार्व्हाक्वोन परजीवीच्या श्वसनसाखळीतला एक विकरसमूह बंद पाडतं, हे आधीपासून समजलेलं होतं. तेच औषध या पिन-1 लाही अडवतं, हे या कामातून पुढे आलं. विशेष म्हणजे औषध दिलं आणि परजीवी मेला की ती गाईची पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. कर्करोग माघारी फिरावा असं दृश्य एरवी फार दुर्मीळ.

रक्षाव्हॅक-टी ही या आजारावरची भारतीय लस विकरांच्या दृष्टीने आणखी बोलकी आहे. परजीवीने व्यापलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत, एका बाटलीतून दुसरीत नेत नेत त्यांना सौम्य केलं जातं. सौम्य होताना काय बदलतं? ऊतींमधलं जाळं कापणारे विकर या पेशी मूळ रूपात भरपूर सोडतात आणि त्यांच्या जोरावर शरीरभर हिंडतात. बाटलीत दीर्घकाळ वाढलेल्या पेशींत हे विकर सोडणं घटतं. पेशी जिवंत राहते, गाईच्या प्रतिकारशक्तीला परजीवीची ओळख करून देते, पण पसरू शकत नाही. जिवंत पेशींची लस असल्याने ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. कृत्रिम रेतनासाठी तो नायट्रोजन गावोगाव येतोच. अडतं ते लस वेळेवर, म्हणजे गोचिडीचा हंगाम लागण्याआधी, टोचून घेण्याच्या बेतावर.

माणसांच्या परजीवींना पुस्तकात एकच प्रकरण आहे, कारण त्यांच्यावर मराठीत आधीच बरंच लिहिलं गेलं आहे. तरी विकरांच्या अंगाने तीन गोष्टी वाचकाला नव्या वाटतील. आव पडली की दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल गोळीत असतं तेव्हा तसं निरुपद्रवी असतं; अमिबाचेच विकर त्याचं विषात रूपांतर करतात. आशाताईंच्या पिशवीतली मलेरियाची पट्टी घ्या. बोटातला रक्ताचा थेंब टाकल्यावर व्हायव्हॅक्स मलेरियासाठी जी रेघ उमटते ती परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराची असते. हाच विकर आपल्याकडेही आहे, पण त्याची घडण इतकी वेगळी की पट्टी फसत नाही. आणि तिसरी गोष्ट घाटाखालची. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढे गुहागरकडे गेलं की गिमवी गाव लागतं. लघवीतून रक्त जाण्याचा शिस्टोसोमाचा आजार भारतात नाही असं मानलं जात असताना, तो या गावात असल्याचं गाडगीळ आणि शाह यांनी 1952 साली नोंदवलं. या गटातल्या परजीवींच्या अळ्या पाण्यात पाय घातलेल्या माणसाच्या अखंड कातडीतून विकरांच्या साहाय्याने काही मिनिटांत आत शिरतात. कृमी तोंडावाटेच जातात, हा समज मोडायला हे उदाहरण चांगलं आहे.

शेवटचा भाग शेतातला. तासगावची द्राक्षं, आटपाडीचं डाळिंब आणि सांगलीची हळद, तिन्हींना मुळावर गाठी आणणारे सूत्रकृमी छळतात. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, आणि सेल्युलोज फोडणारा विकर बहुसंख्य प्राण्यांकडे नसतो. गाय-मेंढीलाही त्यासाठी पोटातल्या सूक्ष्मजंतूंची मदत घ्यावी लागते. सूत्रकृमींकडे तो स्वतःचा असतो, हे 1998 साली प्रसिद्ध झालं आणि त्याचा जनुक जिवाणूंच्या जनुकाशी इतका मिळताजुळता निघाला की तो पूर्वी केव्हातरी जिवाणूंकडूनच आलेला असावा असं मानलं जातं. त्यांच्यावर वापरली जाणारी पर्प्युरिओसिलियम ही बुरशी त्यांच्या अंड्यांचं कवच आपल्या विकरांनी पोखरते. उसातल्या हुमणीवर सोडली जाणारी मेटारायझियमही तिची कातडी अशीच भेदते. हुमणीच्या दृष्टीने तीच बुरशी परजीवी. बाजू बदलली की शत्रूचं हत्यार आपलं होतं. जमिनीत ओल नसताना किंवा रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ही बुरशी सोडली तर मात्र पैसे मातीत जातात, कारण ती जिवंत असते आणि तिचे विकर ती जिवंत असेतोवरच तयार होतात.

हे पुस्तक कोणासाठी? शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यातलं रसायनशास्त्र ओळखीचं वाटेल, मेंढपाळाचा दिनक्रम कदाचित नवा. पशुपालकाचं याच्या उलट होईल. म्हणून प्रत्येक प्रकरणाची सुरुवात लक्षणांपासून आहे. रेणूंच्या आकृत्या मागाहून येतात आणि त्या वगळून वाचलं तरी सूत्र तुटत नाही. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या जनावराचं वजन, वय, गाभणपण आणि आधी पाजलेलं औषध पाहून पशुवैद्यानेच ठरवायच्या असतात, पुस्तकाने नव्हे. विकर कळला म्हणजे आजार संपला, असाही या पुस्तकाचा दावा नाही. नारू आपल्या देशातून गेला तो कोणत्याही औषधाने किंवा लसीने नव्हे. पायविहिरी बंद झाल्या, पाणी फडक्यातून गाळून पिणं अंगवळणी पडलं आणि 1996 साली शेवटचा रुग्ण आढळला. जिथे साधा उपाय पुरतो तिथे रेणूंच्या मागे लागू नये.

पण माळावर चरणाऱ्या मेंढीला कोणी गवत गाळून घालू शकत नाही. तिथे जंताशी कायमचं सहजीवन गृहीत धरूनच पुढे जावं लागतं: पापणी पाहून औषध, अंडी मोजून एडका निवडणं, शेळीची मात्रा वेगळी, पावसाळ्यात ओल्या पाणथळीला सकाळच्या दवात चराई टाळणं, आणि औषध बदलायचं ते दुकानदाराच्या नव्हे तर लेंडीच्या तपासणीच्या सांगण्यावरून. ही पाचही कामं मेंढपाळाच्या हातातली आहेत आणि प्रत्येकामागचं कारण जंताच्या किंवा जनावराच्या एखाद्या विकरात, नाहीतर त्याच्या अळीच्या सवयीत सापडतं. कारण माहीत असलेला माणूस सांगितलेलं काम पुढच्या वर्षीही करतो, आणि परिस्थिती बदलली तर त्यात स्वतःची भर घालतो. पुढची प्रकरणं ती कारणं सांगण्यासाठी लिहिली आहेत.